परका आकडा : मुंबईचा जुगार आणि कायद्यातल्या फटी

मुंबईचा १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा वाङ्मय म्हणून वाचण्याची प्रथा नाही. तरीही त्यातली व्याख्यांची कलमे सावकाश वाचली तर या शहराचा एक वेगळाच इतिहास हाती लागतो. जुगाराचा अड्डा कशाला म्हणावे हे सांगताना कायदा एकामागून एक वस्तू मोजत जातो. कापूस, अफू किंवा अन्य मालाचा बाजारभाव, तो भाव सांगणाऱ्या संख्येतले अंक, भावातला चढउतार, शेअरचा भाव आणि त्यातले अंक, पाऊस पडणे किंवा न पडणे, पडलेल्या पावसाचे माप आणि त्या मापातले अंक, पत्त्यांवरची चित्रे, आकडे आणि त्या आकड्यांची बेरीज.

पाऊस किती पडला यावर नव्हे, तर तो किती पडला हे सांगणाऱ्या संख्येच्या अंकांवर पैज लावणे हाही जुगारच, हे कोणत्याही कायदेपंडिताला नुसते खुर्चीत बसून सुचणार नाही. आधी कोणीतरी तशी पैज लावलेली असते आणि ती यादीबाहेरची असते. मग यादी लांबते. ही कलमे म्हणजे ठिगळांची गोधडी आहे. प्रत्येक ठिगळाखाली एक भोक आहे, आणि प्रत्येक भोकामागे कोणा खेळाडूची अक्कल आहे.

नियमातली फट शोधणारा खेळाडू ही गोष्ट संगणकावरच्या खेळांमुळे आज सर्वांच्या परिचयाची झाली आहे. 'ईव्ह ऑनलाइन' या आइसलंडच्या कंपनीने चालवलेल्या खेळातले २०१२ सालचे प्रकरण प्रसिद्ध आहे. शत्रूचा जितका माल नष्ट कराल त्याच्या बाजारभावाच्या प्रमाणात गुण मिळतील, असा तिथे नियम होता. आणि तो बाजारभाव खेळातल्याच बाजारातून काढला जाई. पाच खेळाडूंनी मिळून फारशी उलाढाल नसलेल्या वस्तू निवडल्या, त्यांचा भाव कृत्रिमरीत्या फुगवला, मग तोच माल आपल्याच दुय्यम खात्यांच्या जहाजांत भरून ती जहाजे आपणच फोडली. खेळातल्या चलनात ही कमाई पाच लाख कोटींच्या घरात गेली. कंपनीने ती काढून घेतली आणि नियम बदलला.

या उदाहरणावरून फटींचे दोन प्रकार वेगळे करता येतात. एक फट यादीतली असते : नियमाने ज्या वस्तू मोजल्या त्यांत आपली वस्तू नाही, म्हणून आपण मोकळे. दुसरी फट आकड्यातली असते : ज्या आकड्यावर हारजीत ठरते तो आकडाच आपल्याला हलवता येतो. मुंबईच्या कायद्याने पहिल्या फटीचा पाठलाग दीडशे वर्षे केला, दुसरीकडे मात्र क्वचितच पाहिले, आणि याची किंमत बहुधा ज्यांच्या हाती आकडा कधीच नव्हता त्यांनी मोजली, असे आमचे म्हणणे आहे.

अफूपासून पावसापर्यंत

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कलकत्त्याला सरकारी अफूचे लिलाव होत आणि मुंबईचे व्यापारी त्या लिलावात पेटीला सरासरी काय भाव येईल यावर पैजा लावत. तेव्हा तारायंत्र नव्हते. निकाल टपालाने यायचा. आकडा दूरचा, सरकारी लिलावातून निघणारा, म्हणून विश्वासाचा. परंतु कलकत्त्याच्या लिलावात बोली लावण्याइतका पैसा ज्याच्याजवळ होता त्याला तो आकडा हलवता येत होता. पैजेची रक्कम पुरेशी मोठी असली की चार पेट्या महाग घेण्याचा तोटा सहज भरून निघे. 'ईव्ह ऑनलाइन'च्या पाच जणांचा डाव याहून फारसा निराळा नव्हता.

अशा पैजांतून उद्भवलेला रामलाल ठाकुरसीदास विरुद्ध सूजमल धोंडमल हा दावा मुंबईहून थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १८४८ साली तिथे निकाल लागला की पैजेचा करार हिंदुस्थानात अंमलात आणता येतो. त्याच वर्षी सरकारने एकविसावा कायदा करून असे करार निरर्थक ठरवले. निरर्थक, पण गुन्हा नव्हे. पैज लावणाऱ्याला तुरुंग नव्हता. जिंकलेल्याला पैसे वसूल करून द्यायला न्यायालय नव्हते, इतकेच.

मग अमेरिकेतले यादवी युद्ध आले. लिव्हरपूलला अमेरिकी कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. गिरगावच्या किनाऱ्यालगतचा समुद्र बुजवायला निघालेल्या बॅक बे कंपनीच्या पाच हजारांच्या शेअरला पन्नास हजारांचा भाव आला. वायद्याचे सौदे १ जुलै १८६५ या दिवशी पुरे व्हायचे होते. त्याआधीच युद्ध संपले, कापूस कोसळला आणि त्या दिवशी निम्म्या शहराचे दिवाळे वाजले. १८६५ च्याच तिसऱ्या कायद्याने मुंबई इलाख्यात पैजेला पूरक असलेले करारही निरर्थक ठरवले. दलालीचा किंवा पैजेसाठी दिलेल्या उसन्या पैशाचा दावाही आता इथे चालणार नव्हता. हा नियम मुंबई इलाख्यापुरता होता, आणि देशात इतरत्र पैजेच्या भागीदारीला मिळणारी सवलत मुंबईत नाही, हा भेद सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली घेरुलाल पारख खटल्यातही नोंदवला.

या सगळ्यात पोलिसांचे काम कुठे नव्हते. पोलिसांचा संबंध येई तो सोंगट्या, फासे आणि पत्ते यांच्याशी. जुगाराच्या कायद्याची कल्पनाच 'जुगाराची साधने' या शब्दांवर उभी होती. छापा घालायचा तर साधन सापडले पाहिजे. नेमक्या या ठिकाणी पावसाच्या सट्टेवाल्यांनी बोट घातले.

पावसाच्या पैजांचे दोन प्रकार शहरात रूढ होते. 'कलकत्ता मोरी' या प्रकारात वाळूने भरलेल्या खास पेटीतून ठरलेल्या वेळात पाणी झिरपते की नाही यावर पैसे लागत. 'लकडी सट्टा' या प्रकारात छपराची पन्हळ भरते की नाही यावर. हा खेळ नव्हे, कारण कोणी काही खेळत नाही. पन्हळ हे जुगाराचे साधन नव्हे, कारण ती प्रत्येक घराला असते. १८८९ साली उच्च न्यायालयाने ही बाजू मान्य केली. लगेच १८९० मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि पावसावरची पैज त्याच्या कक्षेत आली.

या पैजेत एक गुण होता, आणि तो आजही दखल घेण्याजोगा वाटतो. पाऊस कोणाला लाच घेऊन पडत नाही. लक्षाधीश शेठ आणि त्याचा मुनीम दोघेही आकाशापुढे सारखेच अडाणी. ज्या आकड्याला कोणाचा हात लागत नाही तो गेला, आणि जुगार मात्र राहिला.

कापसाचा आकडा

१९२५ साली शिवडीला कापूस बाजाराची नवी इमारत उघडली. त्या परिसरालाच कॉटन ग्रीन हे नाव पडले. तिथून काळाचौकी आणि लालबाग हाकेच्या अंतरावर. गाठी बंदरात येत, शिवडीच्या गोदामांत पडत, सौदे होत, आणि मग त्या परळ-लालबागच्या गिरण्यांत जाऊन त्यांचे सूत होई. कापसाचा हा प्रवास जिथे संपत होता तिथेच त्याच्या भावाचा एक निराळा प्रवास सुरू होई.

न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा उघडतानाचा आणि बंद होतानाचा भाव तारेने, पुढे टेलिप्रिंटरने मुंबईला येई. त्या भावातल्या अंकावर पैसे लावण्याचा खेळ म्हणजे 'आकडा'. पहिल्या भावावरचा 'ओपन', दुसऱ्यावरचा 'क्लोज', दोन्ही मिळून 'जोडी'. कापसाशी ज्याचा काही संबंध उरला नाही अशा खेळातही हे शब्द पुढे टिकून राहिले. कापूस बाजार ज्याने कधी आतून पाहिला नाही असा माणूस पानाच्या गादीवर 'ओपनला काय आले?' असे विचारी, तेव्हा तो नकळत अटलांटिकपलीकडच्या बाजाराची भाषा बोलत होता.

आता प्रश्न असा की तोच भाव शिवडीच्या बाजारात व्यापार आणि लालबागच्या नाक्यावर जुगार कसा? कायद्याचे उत्तर 'इरादा' या एका शब्दात आहे. माल खरोखर द्यायचा-घ्यायचा इरादा असेल तर तो वायदा. केवळ फरकाची रक्कम द्यायची असेल तर ती पैज. बाजारात हरएक सौद्याला नियमाने डिलिव्हरीची अट जोडलेली असे, त्यामुळे प्रत्यक्षात बहुसंख्य सौदे फरकावर मिटले तरी इरादा शाबूत राही. चार आणे लावणाऱ्या साचेवाल्याला मात्र 'मी शंभर गाठींची डिलिव्हरी घेणार होतो' असे म्हणण्याची सोय नव्हती. गाठी ठेवायला त्याच्याजवळ दहा बाय बाराची खोली होती आणि तीत आधीच आठ माणसे झोपत होती. इरादा ही मनातली गोष्ट खरी, पण ती असल्याचे सिद्ध करायला गोदाम लागते.

अशा सीमारेषा अन्यत्रही आखलेल्या होत्या. महालक्ष्मीच्या मैदानावर घोड्यांची शर्यत होते. तिथे आवारात, परवान्याने लावलेली पैज कायद्याच्या व्याख्येतून वगळलेली आहे. मैदानाच्या कुंपणाबाहेर पूर्वेला गिरण्यांची धुराडी होती. धुराड्यांखालच्या आकड्याला वगळणारे कलम कोणी लिहिले नाही.

फट शोधण्याची कला केवळ नाक्यावरच होती असेही नाही. वृत्तपत्री शब्दकोड्यांवर १९४८ साली मुंबई सरकारने कर आणि परवाना लावला. प्रांताबाहेर छापलेल्या पत्रातली स्पर्धा मात्र व्याख्येतून सुटली होती. बंगळूरहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' साप्ताहिकातले 'आर. एम. डी. सी. क्रॉसवर्ड्‌स' मुंबईत घरोघर भरले जाई. १९५२ मध्ये ती सवलत काढून टाकल्यावर प्रकरण न्यायालयात गेले, आणि ९ एप्रिल १९५७ रोजी सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांच्या पीठाने ठरवले की जुगार हा घटनेच्या अर्थाने व्यापारच नव्हे; व्यापार-स्वातंत्र्याचे संरक्षण त्याला नाही. जुगार आणि व्यापार यांच्यातली भिंत आता घटनेइतकी उंच झाली. भिंतीच्या कोणत्या बाजूला कोणाचे घर आहे, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

मटका

१९६१ च्या सुमारास न्यूयॉर्कचा आकडा यायचा बंद झाला. कोणत्याही छाप्याने न मिटलेला खेळ अशा रीतीने आपोआप मिटायला हवा होता. पण ज्यावर पैसे लागत होते तो आकडा होता, कापूस नव्हता. कच्छहून आलेले आणि वरळीला किराणा दुकान चालवणारे कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये, आणि फाळणीत कराचीहून आलेले रतन खत्री यांनी १९६४ मध्ये, आकडा इथेच काढायला सुरुवात केली. 'कल्याण' मटक्याचा ठाण्याजवळच्या कल्याण शहराशी संबंध नाही. ते एका माणसाचे नाव आहे.

शून्य ते नऊ अंकांच्या चिठ्ठ्या मातीच्या मडक्यात घालून काढल्या जात, म्हणून मटका. पुढे मडके गेले, नाव राहिले. चित्रे वगळलेल्या पत्त्यांतून तीन पाने काढायची, त्यांची बेरीज करायची आणि शेवटचा अंक धरायचा. २, ७ आणि ८ आले तर बेरीज १७, म्हणून आकडा ७. पत्त्यांवरच्या आकड्यांची बेरीज असे कायद्यात जे कलम आहे, त्यात या खेळाचे नाव न घेता काढलेले चित्रच आहे.

आता हिशेब पाहू. एकेरी अंक लागला तर रुपयाला नऊ रुपये मिळत. अंक दहा, म्हणजे न्यायाने दहा मिळायला हवेत. दर रुपयामागे दहा पैसे धंद्याचे. जोडीला रुपयाला ऐंशी-नव्वद, न्यायाने शंभर. दहा टक्के ही रक्कम ऐकायला जड वाटत नाही. पण जिंकलेले पैसे पुन्हा लावायचे असतात, आणि तिथे गणित पालटते. जे परत आले ते सारेच पुन्हा लावत गेले तर दहा फेऱ्यांनंतर शंभर रुपयांचे सरासरीने पस्तीसच उरतात. याला लबाडी लागत नाही. आकडा पूर्ण प्रामाणिकपणे निघाला तरी हेच होते. गिरणगावातल्या खाणावळवालीच्या वहीत महिन्याची बाकी राहिली, गावची मनिऑर्डर चुकली, पगाराच्या दिवशी सावकार गिरणीच्या फाटकाशी उभा राहिला, यामागे नशीब कमी आणि हा गुणाकार अधिक होता.

शिवाय आकडा आता परका राहिला नव्हता. पावसावर कोणाची हुकमत नव्हती; न्यूयॉर्कवर मुंबईत बसून कोणाची हुकमत असणे अवघड. तीन पाने मात्र माणसाच्या हाताने निघत होती, आणि कोणत्या अंकावर किती पैसे लागले आहेत हे पाने काढण्यापूर्वी धंद्याला कळत होते. सर्वांत कमी पैसे ज्यावर आहेत तो अंक निघणे धंद्याच्या फायद्याचे, हे समजायला गणित लागत नाही. म्हणून या खेळाचे सारे भांडवल 'सोडत खरी असते' या लौकिकात होते. न्यायालयात दाद नाही, पंच नाही, नियमपुस्तक नाही; एका माणसाच्या शब्दावर लाखो माणसे रोज दोनदा पैसे ठेवत होती. फिरोज खान यांच्या १९७५ च्या 'धर्मात्मा' चित्रपटात त्या माणसाची छाया दिसली तेव्हा प्रेक्षकांना ओळख सांगावी लागली नाही. खत्री २०२० मध्ये वारले, तेव्हाही वृत्तपत्रांना त्यांचा परिचय करून द्यायला एक शब्द पुरला.

याच दशकात, १९६९ साली, महाराष्ट्र सरकारने स्वतःची लॉटरी सुरू केली. मटक्याला पर्याय देणे आणि तिजोरीत भर टाकणे हे दोन्ही हेतू तीत होते. आकडा नशिबाचाच होता. फक्त काढणारा हात बदलला होता. लॉटरीत लुबाडणूक होती असे आम्ही म्हणत नाही. एवढेच दाखवायचे आहे की 'नशिबावर पैसा लावणे' हा दोष कधीच निर्णायक नव्हता.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यांतले असंख्य परत साच्यावर उभे राहिलेच नाहीत. पगार थांबले तसे गिरणगावच्या नाक्यांवरचे मटक्याचे गिऱ्हाईकही आटत गेले, आणि पुढे पोलिसांच्या मोहिमांनी धंद्याचे उरलेसुरले ओसरवले. जे काम कायद्याच्या यादीने शंभर वर्षांत केले नाही ते बऱ्याच अंशी बेकारीने केले, ही गोष्ट कायद्याच्या यशात जमा धरता येणार नाही.

आजची यादी

१८८७ च्या कायद्यात केवळ कौशल्याच्या खेळाला सूट देणारे एक कलम आहे. भ्रमणध्वनीवरचे क्रिकेटचे काल्पनिक संघ याच दारातून आत आले. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये अशा खेळाला कौशल्याचा मानले. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, सरसकट बंदी घातली. १८९० पासून वस्तू मोजत आलेल्या कायद्याने प्रथमच यादी बाजूला ठेवली आणि थेट पैशाकडे बोट दाखवले. यादीतल्या फटीचा पाठलाग इथे संपला असे वाटू शकेल.

पण दुसरी फट? तेजी-मंदीचे सौदे, ज्यांना आज ऑप्शन म्हणतात, मालाच्या बाजारात १९५२ च्या कायद्याने बंद होते. २०१७ पासून ते पुन्हा सुरू झाले. शेअर बाजारातल्या अशा सौद्यांबाबत सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार तीन वर्षांत दर शंभरांतले ९३ वैयक्तिक गुंतवणूकदार तोट्यात गेले आणि एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. मटक्यात दर रुपयाला दहा पैसे जात. इथला हिशेब कोणी नाक्यावर मांडला नाही. जुलै २०२५ मध्ये सेबीने जेन स्ट्रीट या अमेरिकी कंपनीच्या ४,८४३ कोटी रुपयांवर अंतरिम आदेशाने टाच आणली. ठपका असा की मोठ्या खरेदीने बँकांच्या शेअरचा निर्देशांक एका दिशेला न्यायचा आणि त्याच निर्देशांकावरच्या ऑप्शनांत त्याहून मोठा नफा काढायचा. कंपनीने हे आरोप नाकारले आहेत आणि त्यांचा निवाडा योग्य त्या ठिकाणी होईल. आम्हांला दिसते ते आरोपाचे स्वरूप. कलकत्त्याच्या लिलावात महाग बोली लावून मुंबईची पैज जिंकण्याची जी वाट १८४८ पूर्वी मोकळी होती, तिचेच ते वर्णन आहे.

जुगार चांगला, असे म्हणण्यासाठी आम्ही हा इतिहास मांडलेला नाही. मटक्याने गिरणगावात जी घरे बसवली ती बसवलीच. परंतु एखादा खेळ, सौदा किंवा योजना समोर आली की ती कोणत्या यादीत बसते हे विचारण्याची सवय कायद्याने आपल्याला लावली आहे. त्याआधी विचारायचे प्रश्न साधे आहेत : यातला आकडा कोठून येतो, तो हलवण्याची ताकद कोणाजवळ आहे, आणि ती ज्याच्याजवळ नाही त्याला हे सांगितले आहे काय? पावसाच्या सट्ट्यात या प्रश्नांना समाधानकारक उत्तरे होती, आणि कायद्याने आधी त्याच सट्ट्याला गाठले.